नान्नजचा माळ आणि पक्ष्यामागचं चित्र

सोलापुरातून बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटर गेलं की नान्नजचा माळ लागतो. हिवाळ्यात सकाळी तिथे पोटावर पडून धाविक या पक्ष्याचा फोटो काढायचा म्हणजे शर्टात कुसळं रुतणार, कोपरं खरचटणार हे ठरलेलंच. एवढं करून घरी फोटो उघडावा, तर पक्ष्याच्या पाठीमागे द्राक्षबागेचा खांब! आता तो दोन सेकंदांत पुसता येतो. पण खांबापाठोपाठ आजूबाजूचं गवतही पुसायचा मोह होतो आणि शेवटी पक्षी गुळगुळीत तपकिरी रंगावर चिकटवल्यासारखा दिसतो. हे मला मनापासून खटकतं. मात्र त्याचा सगळा दोष कॉम्प्युटरला देता येणार नाही, कारण पक्ष्यामागचं चित्र बदलायची खोड फार जुनी आहे.

कॅमेऱ्याच्या आधीही पक्षी एकाचा आणि फांदी दुसऱ्याची असं होतच होतं. अमेरिकेतला पक्षीचित्रकार जॉन जेम्स ऑड्युबॉन मारलेले पक्षी तारांनी हव्या त्या ढंगात उभे करून रंगवायचा. 1827 ते 1838 या काळात छापल्या गेलेल्या त्याच्या प्रसिद्ध चित्रांपैकी कित्येकांतली पानंफुलं जोसेफ मेसन या त्याच्या किशोरवयीन मदतनिसाने काढलेली आहेत.

फोटोग्राफी आली तेव्हा अडचण आभाळाची होती. त्या काळच्या काचेवरच्या निगेटिव्हला निळा प्रकाश फार लवकर लागायचा, त्यामुळे जमीन नीट उठेपर्यंत आभाळ पांढरंफटक व्हायचं. 1850च्या दशकात फ्रान्समधल्या गुस्ताव्ह ल ग्रेने समुद्र एका निगेटिव्हवरचा आणि ढग दुसरीवरचे घेऊन एकच प्रिंट काढली. आज आपण ‘स्काय रिप्लेस’ म्हणतो ते हेच. पुढे इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी 1892 मध्ये पक्ष्याच्या घरट्याचा फोटो काढला. पक्ष्यांना संशय येऊ नये म्हणून त्यांनी आत माणूस लपेल अशा पोकळ बैलाचं लपणही वापरलं. घरटं कुठल्या झुडपात आहे, कशाच्या आडोशाला आहे हेच त्यांना दाखवायचं होतं. त्यांच्या फोटोतून मागचं झुडूप काढून टाकलं तर बघण्यासारखं फारसं उरणारच नाही.

मोकळ्या, धूसर बॅकग्राउंडची चटक लावली ती मोठ्या टेलिफोटो लेन्सने. 500 किंवा 600 मिलिमीटरची लेन्स, छिद्र पूर्ण उघडं, पक्षी जवळ आणि मागचं सगळं लांब, की मागचं आपोआप विरघळतं. नान्नजला तर जमिनीलगत झोपलं की मागे थेट क्षितिजच असतं आणि सगळं गवत सोनेरी धुरासारखं होतं. ही किमया लेन्सची आणि सपाट माळाची. त्यात माझ्या मते काहीच खोटं नाही.

1982 मध्ये नॅशनल जिऑग्राफिकने आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठात बसवण्यासाठी गिझाचे पिरॅमिड कॉम्प्युटरवर एकमेकांजवळ सरकवले आणि मोठा गहजब झाला. 1990 मध्ये फोटोशॉप आलं, 1994 मध्ये त्यात लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवायचे थर आले, 2010 मध्ये पुसलेली जागा आसपासचं बघून आपोआप भरली जाऊ लागली. 2023 पासून तर चार शब्द लिहिले की अख्खं रान तयार होतं. पण कडा बघाव्यात. डोंबारी चंडोल या माळावरच्या पक्ष्याच्या मादीचा रंग मातीसारखाच असतो. तिच्याभोवती मास्क टाकला, म्हणजे तिला मागच्या चित्रापासून वेगळं कापलं, की गवतात बुडालेली बोटं गायब होतात, शेपटीची पिसं कात्रीने कापल्यासारखी दिसतात आणि अंगाभोवती पांढुरकी कड उमटते. शिवाय ती मातीत कशी मिसळून जाते, हेच तर त्या फोटोत बघायचं होतं! मोठ्या वन्यजीव फोटो स्पर्धा अंतिम फेरीत मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून जशीच्या तशी आलेली फाइल मागतात, ते मला म्हणूनच योग्य वाटतं.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक जिव्हारी लागतो. नान्नजचा माळ ज्यात येतो ते माळढोक पक्ष्याचं अभयारण्य 1979 मध्ये झालं तेव्हा त्याचा विस्तार सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होता. नंतर सीमा बदलून तो सुमारे बाराशेवर आला. माळढोक तर आता दिसेनासाच झाला आहे. गवताळ माळाला आपण आधीच ‘पडीक’ म्हणत आलो. झाड नाही, पीक नाही, म्हणजे तिथे काही नाही. फोटोतून गवत पुसताना आपण वेगळं काय करतो? कुसळी, मारवेल, बोरीची खुरटी झुडपं, मधली मुरमाड जमीन, हे धाविकाचं घर आहे.

तोंडासमोर आलेली एखादी काडी मी काढतो, आणि काढली तर फोटोखाली तसं लिहितो. धाविकामागचा तो खांब मात्र मी ठेवला आहे. त्या सकाळी द्राक्षबाग माळावर कुठवर आली होती, हे त्याच्यावरून कळतं.