इंजिन तापतच नसेल तर ॲव्हरेज कुठून येणार?

दहा-पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी. लिटरला १६ द्यायची, आता ११ वर आली. गॅरेजमध्ये ठरलेली उत्तरं मिळतात: एअर फिल्टर बदला, इंजेक्टर साफ करा, नाहीतर ‘गाडीचं वय झालं’. पण कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) शाबूत असेल तर निव्वळ वयामुळे एवढं ॲव्हरेज पडत नाही.

आधी आकडा पक्का करा. टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडला की थांबा. पुढच्या वेळी त्याच पंपावर तसंच भरा आणि चाललेल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरने भागा. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, दोन-तीन तरी बघा. मग ॲव्हरेजच्या घटीतून इथेनॉलचा वाटा वजा करा. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. म्हणजे १६ चे १५ होतील. ११ होत असतील तर दोष गाडीत आहे.

इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो, आणि तो सर्वस्वी सेन्सरांवर अवलंबून असतो. इंजिन थंड असताना पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून तो मुद्दाम जास्त सोडतो. इंजिन तापलं की हात आखडतो. पण ते तापलंच नाही तर?

आपल्याकडे ही फार मोठी गोची आहे. गाडी एकदा ओव्हरहीट झाली की अनेक मेकॅनिक थर्मोस्टॅट काढूनच टाकतात, ‘आपल्या हवेत लागत नाही’ म्हणून. हे चूक आहे. ही छोटी झडप कूलंट साधारण ८२ ते ८८ अंशांपर्यंत तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवते. ती काढली किंवा उघडी अडकली, की हायवेवर समोरचा वारा इंजिनाला तापूच देत नाही आणि जादा पेट्रोल चालूच राहतं. तपासणी सोपी आहे. सकाळी थंड इंजिन सुरू करा आणि पंखा-पट्ट्यांपासून लांब राहून रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावा. काही मिनिटं तो गारच राहिला पाहिजे, मग झपकन तापला पाहिजे. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट बघा.

थर्मोस्टॅट ठीक असेल, तर कूलंट तापमानाचा सेन्सर. बहुतेक गाड्यांत थंडपणी त्याचा विद्युतरोध जास्त असतो आणि तापला की घटतो. त्याच्या कनेक्टरवर गंज चढला की रोध वाढतो, आणि तापलेलं इंजिनही ईसीयूला थंड भासतं. स्कॅनर लावून ईसीयूला दिसणारं तापमान बघा आणि ते इंजिनाच्या खऱ्या तापमानाशी ताडून पाहा.

तिसरा संशयित ऑक्सिजन सेन्सर. शुद्ध पेट्रोलच्या एका ग्रॅमला १४.७ ग्रॅम हवा लागते. हा तोल एक्झॉस्टमध्ये उरलेल्या ऑक्सिजनवरून राखला जातो. नेहमीच्या झिर्कोनिया सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत वरखाली व्हायला हवा. तो खालीच चिकटून असेल, तर सेन्सर बदलण्याआधी इंजिन आणि सेन्सर यांच्यामधला एक्झॉस्टचा जोड तपासा. तिथे गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, ईसीयूला पेट्रोल कमी पडल्यासारखं वाटतं आणि तो आणखी सोडतो. नवा सेन्सर घालूनही ॲव्हरेज सुधारत नाही ते यामुळे.

एअर फिल्टरला मात्र उगाच दोष दिला जातो. कार्बोरेटरच्या जुन्या मारुती ८०० मध्ये तो तुंबला की पेट्रोल वाढायचं. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू कमी हवेला कमी पेट्रोल देतो. पिकअप पडतो, ॲव्हरेज फारसं नाही.

चाकांत हवा कमी असेल तर तीही बघाच. आणि ब्रेक: मोकळ्या रस्त्यावर चालवून, कमीत कमी ब्रेक लावून गाडी थांबवा आणि चारही रिमांजवळ हात न्या. डावं-उजवं ताडून पाहा. एकच चाक तापलेलं लागलं, तर त्याचा ब्रेक धरतोय, पूर्ण सुटत नाही. मागचं असेल तर हँडब्रेकची केबलही तपासा.