बॅरनी वेगळी, बॅरन वेगळा

आयर्लंडच्या जुन्या जमीन-नोंदींत ‘बॅरनी’ दिसली, की त्या भागावर कोण्या बॅरनची मालकी असणार असं अनेकजण धरून चालतात. इथेच घोटाळा होतो आणि भलत्याच घराण्याच्या नावावर भलतीच जमीन चढते.

नोंदींतली बॅरनी हा महसुली विभाग. काउंटीखाली बॅरनी, मग पॅरिश, सर्वांत खाली टाउनलँड. आपल्या परगण्यासारखंच हे. अशा सव्वातीनशेहून जास्त बॅरन्या होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच जुन्या गेलिक (मूळ आयरिश) टोळ्यांच्या मुलखांवर बेतलेल्या. १६५०च्या दशकात विल्यम पेटीने इंग्रज सरकारसाठी जमीन मोजली ती बॅरनीवार. १८४७ ते १८६४ दरम्यान छापलेल्या ग्रिफिथच्या मूल्यांकनातही, म्हणजे कर ठरवण्यासाठी केलेल्या जमीन-घरांच्या नोंदीतही, तीच विभागणी आहे. १८९८च्या स्थानिक कारभाराच्या कायद्यानंतर कारभारात बॅरनीला काम उरलं नाही.

बॅरन हा मात्र राजाने दिलेला, वंशपरंपरेने चालणारा किताब. त्यासोबत त्या नावाची सगळी जमीन येतेच असं नाही.

क्लेअर काउंटीतलं इंचिक्विन पाहा. तिथे इंचिक्विन नावाची बॅरनी आहे आणि ‘बॅरन इंचिक्विन’ हा किताबही. आयर्लंडचा जुना राजा ब्रायन बोरू याच्या वंशातल्या मरो ओब्रायनने १५४३ मध्ये आपला मुलूख इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या स्वाधीन केला आणि राजाकडून तो किताबासह परत घेतला. गेलिक सरदारांना इंग्रजी चौकटीत बसवण्याची ही हेन्रीची चाल होती. पुढे या बॅरन्सचं मुख्य ठाणं झालं ड्रोमोलँड, आणि ते इंचिक्विनमध्ये नव्हे, लोअर बनरॅटी बॅरनीत! १९६२ मध्ये ड्रोमोलँडचा वाडा विकला गेला, तरी किताब घराण्यातच राहिला.

आयव्हाचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. डाउन काउंटीतल्या अप्पर आणि लोअर आयव्हा या बॅरन्या म्हणजे मॅगेनिस घराण्याचा जुना मुलूख. १६२३ मध्ये त्यांना ‘व्हायकाउंट मॅगेनिस ऑफ आयव्हा’ हा, बॅरनहून वरचा किताब मिळाला. त्याच शतकात जमिनीही हातून गेल्या आणि किताबही. पुढे १८९१ मध्ये ‘बॅरन आयव्हा’ झाले ते डब्लिनचे मद्य-उद्योजक एडवर्ड सेसिल गिनेस. आपण मॅगेनिसांचे वंशज आहोत असं गिनेस कुटुंब मानत असे, म्हणून हे नाव.

म्हणून ग्रिफिथच्या पानावर ‘अप्पर आयव्हा’ दिसलं, तर गिनेस किंवा मॅगेनिसांचा माग काढू नका. टाउनलँड शोधा आणि त्या ओळीतला जमीन कसायला देणाऱ्याचा रकाना वाचा. मालकाचा माग तिथून लागू शकतो.