शेतातले शब्द: दुकानात येणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांना घेऊन येणाऱ्या मोठ्यांसाठी

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात आमचे छोटेसे दुकान आहे. कुदळी-कोयत्यांपासून पंपापर्यंतची अवजारे आम्ही विकतो, पॉवर टिलर भाड्याने देतो, बिघडलेली यंत्रे दुरुस्त करतो. मे महिन्यात बियाण्यासाठी गर्दी होते आणि शाळेला सुट्टी असल्यामुळे आजी-आजोबांचे बोट धरून मुलेही येतात. गेल्या मे महिन्यात तिसरीतल्या एका मुलीने आजीला विचारले, "भाताचं बी कसं असेल? भात तर शिजवतात ना?" आजी घरी शिजवते ते शीत. तिच्यासाठी भात म्हणजे शेतात डोलणारे पीक. मुलीच्या मराठीच्या पुस्तकात मात्र भात ताटात वाढलेला होता. दोघींचेही बरोबर होते, आणि दोघींना एकमेकींचे कळले नव्हते.

गोव्यातल्या पुष्कळ मुलांचे असे होते. घरी कोंकणी, शाळेच्या पुस्तकात मराठी, यंत्रावर इंग्रजी. शेत पाहायला मिळते ते रस्त्यावरून जाताना. म्हणून हे पत्रक काढले. यात घरातला शब्द आणि पुस्तकातला शब्द शेजारी शेजारी ठेवले आहेत. घरातला शब्द गावंढळ आणि पुस्तकातला शुद्ध, असे आम्ही मानत नाही. मुलांनाही तसे कोणी सांगू नये, ही कळकळीची विनंती.

भात, तांदूळ, शीत

मुलांनो, आधी त्या मुलीचाच प्रश्न घेऊ. लोंबीतून निघालेला टरफलासकट दाणा म्हणजे भात. पेरायचा तो हाच. टरफल काढले की आत तांदूळ. त्या टरफलाला तूस म्हणतात. तांदूळ सडताना वरचा जो तांबूस थर निघतो तो कोंडा, गुरांना आणि कोंबड्यांना घालतात. तांदूळ शिजला की कोंकणीत शीत, मराठीत भात. गिरणीत नेण्याआधी भात भिजवून, उकडून, उन्हात वाळवले तर उकडे तांदूळ मिळतात, ज्यांची आपण पेज करतो. न उकडता कांडले तर ते सुरय.

असेच फसवणारे आणखी तीन शब्द आहेत. कोंकणीत तण म्हणजे गवत, मळणीनंतर उरलेला पेंढासुद्धा. मराठीच्या पुस्तकात तण म्हणजे पिकात उगवलेले नको असलेले रोप, जे उपटून टाकायचे. एकाने जपून रचायचे, दुसऱ्याने फेकायचे. कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) माडी म्हणजे सुपारीचे उंच, सडपातळ झाड. मराठीत त्याला पोफळ म्हणतात, आणि माडी म्हणजे घराचा वरचा मजला. बोकडी म्हणजे आपल्याकडे शेळी. पुस्तकातला बोकड मात्र नेहमी नर.

जमिनीची नावे

गोव्यात शेताला नुसते शेत म्हणून भागत नाही. ते कुठे आहे यावर त्याचे नाव ठरते, आणि नावावरून तिथे काय पिकेल तेही कळते. डोंगराच्या उतारावरची पावसावर अवलंबून असलेली जमीन ती मोरड. थोडी खालची, रेताड, पाणी झटकन जिरवणारी ती खेर. नदीकाठची, भरतीच्या पातळीलाही खाली असलेली ती खाजन. दोन खाचरांमधला मातीचा उंचवटा म्हणजे मेर, पुस्तकात बांध. पावसाळ्यातल्या पिकाला सरद म्हणतात, पुस्तकात खरीप. पावसाळा संपल्यावर पाणी देऊन घेतलेले पीक वायंगण, पुस्तकात रब्बी किंवा उन्हाळी.

खाजनाबद्दल मात्र जरा थांबून सांगितलेच पाहिजे, कारण गोव्याच्या माणसाने याहून हुशार काही बांधले असेल असे आम्हाला वाटत नाही. दुर्भाट, आडपई, बोरी या बाजूला किंवा दिवाडी, चोडण बेटांवर गेलात तर नदी आणि शेत यांच्यामध्ये एक लांबलचक मातीचा बांध दिसेल. नदीचे पाणी खारे, कारण भरतीबरोबर समुद्र आत येतो. ते पाणी शेतात शिरले तर भात करपते. पण पावसाचे पाणीही शेतातून बाहेर जायला हवे. मग बांध घालून दोन्ही कामे कशी साधायची?

त्यासाठी बांधात एक दगडी वाट ठेवतात आणि तिला लाकडी दारे लावतात. ही मानस. भरती आली की नदीचे पाणी दाराला बाहेरून रेटते आणि दार बंद होते. ओहोटीला बाहेरचे पाणी उतरते, मग आत साचलेले पाणी दार ढकलून नदीत पडते. वीज लागत नाही, मोटर लागत नाही. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते, म्हणजे दारही तेवढ्या वेळा आपोआप मिटते आणि उघडते. पावसाळ्याच्या सुरुवातीला पहिल्या सरींनी जमिनीतले मीठ धुऊन जाऊ देतात आणि मगच पेरणी करतात. तरीही थोडा खारटपणा राहतोच. तो सोसणारे आपले जुने वाण म्हणजे कोरगूट. उंच वाढणारे आणि चिवट. जुने गोवे या गावातल्या कृषी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीसाठी 'गोवा धान' नावाची नवी वाणेही काढली आहेत.

खेकडे बांधाला बिळे पाडतात. एक बीळ वेळीच बुजवले नाही तर भरतीचे पाणी तिथून वाट करते आणि बांध फुटतो. म्हणून खाजनाचा बांध एकट्या शेतकऱ्याचा नसतो, सगळ्या गावाचा असतो. पूर्वी गांवकरी, म्हणजे गावाची सामाईक संस्था, त्याची डागडुजी करून घेई. मुलांनो, बांधावर फिरायला गेलात तर एवढे करा: चिखल उकरू नका, आणि मानशीजवळ पाण्यात उतरू नका. ओहोटीच्या वेळी तिथे पाण्याची ओढ फार असते, पोहता येणारी माणसेही तिथे फसतात.

नांगरापासून टिलरपर्यंत

आमच्या दुकानाच्या भिंतीवर एक जुना लाकडी नांगर टांगलेला आहे. विकायचा नाही, दाखवायचा आहे. त्याचे टोकाचे लोखंड तो फाळ, तोच जमीन फोडतो. मागे धरायची मूठ ते रुमणे. पुढे बैलांपर्यंत जाणारा लांब दांडा म्हणजे हाळस. बैलांच्या मानेवरचे आडवे लाकूड ते जू, आणि मान इकडेतिकडे जाऊ नये म्हणून जुवात खोचलेल्या काठ्या त्या शिवळा. एखाद्यावर काम येऊन पडले की 'मानेवर जू आले' असे मोठी माणसे म्हणतात, ते इथूनच.

नांगरणी झाली की खाचरात पाणी अडवून चिखल करायचा, ती चिखलणी. चिखल सपाट करायला फळी फिरवतात, तिला आपल्याकडे गुटो म्हणतात. पूर्वी बैल गुटो ओढत आणि माणूस त्यावर उभा राही, म्हणजे वजन पडे. जमीन सपाट का हवी? एका कोपऱ्यात पाणी साचले आणि दुसरा कोरडा राहिला तर भात एकसारखे वाढत नाही.

मग दोन वाटा असतात. एकीत मोड आलेले बी थेट चिखलात फेकायचे. दुसरीत आधी एका तुकड्यात दाट रोपे वाढवायची, तो तरवा, आणि सुमारे तीन आठवड्यांनी ती उपटून ओळीने लावायची, ही लावणी. लावणी मोठ्या कष्टाची. पायाखाली चिखल, पाठीवर पाऊस आणि दिवसभर वाकून काम. हे काम बहुतेक बायकाच करतात. शेजारपाजारच्या मुलांना ते एकदा तरी जवळून दाखवा, अशी पालकांना विनंती.

आता यंत्रे. पॉवर टिलर म्हणजे दोन चाकांचे इंजिन. चालवणारा मागून दोन्ही मुठी धरून चालतो. त्याला खाली फिरणारी वाकडी पाती असतात, ती माती चिरून भुसभुशीत करतात. चिखलात रबरी चाक जागच्या जागी फिरत राहते, म्हणून त्याऐवजी पिंजऱ्यासारखी लोखंडी चाके लावतात. त्यांना केज व्हील म्हणतात. मुले हमखास विचारतात, "यात किती घोडे आहेत?" आम्ही भाड्याने देतो तो टिलर १२ अश्वशक्तीचा आहे. १ अश्वशक्ती म्हणजे साधारण ७४६ वॅट, घरातल्या ७५ वॅटच्या १० पंख्यांना लागते तेवढी. म्हणजे टिलरमध्ये १२० पंखे एकदम फिरवण्याइतके बळ आहे. आपल्या लहान, उतरत्या खाचरांत ट्रॅक्टर वळत नाही, तिथे टिलरच चालतो.

लावणीच्या यंत्राला सुटी रोपे चालत नाहीत. पातळ चटईसारखा तरवा करावा लागतो आणि तो १५ ते २० दिवसांचा असताना यंत्रावर ठेवतात. मग यंत्राची बोटे चार-सहा रोपे चिमटीत धरून ओळीने रोवत जातात. यंत्र हवे असेल तर तरवा टाकायच्या आधी दुकानात या. नंतर येऊन उपयोग नसतो आणि दरवर्षी दोन-तीन गिऱ्हाइकांना रिकाम्या हाताने परत पाठवताना आम्हालाही वाईट वाटते. कंबाईन हार्वेस्टर कापणी, मळणी आणि वारवणी (म्हणजे वाऱ्याने फोल उडवून दाणा वेगळा करणे) ही तिन्ही कामे चालता चालता करतो. मऊ जमिनीत चाकांचा रुतून बसतो, तिथे रणगाड्यासारख्या पट्ट्यांचा आणावा लागतो.

जमिनीचे माप थोडक्यात: गोव्यात ते चौरस मीटरमध्ये सांगतात. महाराष्ट्रातले पाहुणे गुंठ्यात बोलले तर १ गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर धरा. त्यांचा सात-बारा तो आपला एक-चौदाचा उतारा.

गोरवां आणि बाकीचे सोबती

गोरवां म्हणजे पुस्तकातली गुरे. गाईचे पिल्लू वासरू, वाढती मादी ती कालवड, नर तो गोऱ्हा. म्हशीचे पिल्लू रेडकू, शेळीचे करडू. अंड्यांवर बसायला निघालेली कोंबडी ती खुडूक. पिल्लू पोटात किती दिवस राहते हे मुलांना फार आवडते, म्हणून सांगतो: गाईच्या सुमारे २८० दिवस, म्हशीच्या सुमारे ३१०, शेळीच्या सुमारे १५०, डुकरिणीच्या सुमारे ११४. कोंबडीचे अंडे २१ दिवसांत फुटते, बदकाचे २८ दिवसांत.

गाय पुढून हसली तर वरचे दात दिसणार नाहीत, कारण तिला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात. तिथे टणक हिरडी असते. जिभेने गवत ओढायचे, खालच्या दातांनी त्या हिरडीवर दाबून तोडायचे आणि भराभर गिळायचे. मग सावलीत बसून तेच पुन्हा तोंडात आणून चघळायचे. याला रवंथ म्हणतात. तिच्या पोटाचे चार कप्पे असतात, म्हणून हे जमते. रवंथ थांबले तर गाय आजारी आहे असे समजावे आणि जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावे.

आपली गावठी पांढरी गाय पाहिली असेलच. ती श्वेतकपिला. नाकाडापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी, अंगाने लहान. गोव्याची स्वतंत्र जात म्हणून तिची राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली आहे. काणकोणकडच्या आगोंद डुकराचीही तशीच नोंद आहे. संकरित गाईइतके दूध श्वेतकपिला देत नाही, हे खरे. पण आपला दमट पाऊस तिला सोसतो आणि खाणेही थोडे लागते. दिवाळीच्या पाडव्याला गुरांना न्हाऊ घालून, माळा घालून गोड खाऊ घालतात, तेव्हा मुलांना गोठ्यात जरूर न्या.

टिलर चालतो तेव्हा मागून पांढरे पक्षी चालतात, ते गायबगळे. उलटलेल्या मातीतले किडे टिपतात. लांब, चपळ धामण उंदीर खाते आणि तिला विष नसते. तरीही कोणताही साप हाताळायला जाऊ नका, लांबूनच मोठ्यांना हाक मारा.

डब्यावरचा त्रिकोण

हा भाग मुलांनी मोठ्यांना वाचून दाखवावा. कीड मारायच्या औषधाच्या डब्यावर एक तिरका चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात, म्हणजे खालच्या त्रिकोणात, रंग असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, फक्त सर्वांत कमी विषारी. यातला कोणताही डबा मुलांनी उचलायचा नाही. रिकामी बाटली पाणी पिण्यासाठी, तेल ठेवण्यासाठी कधीच वापरायची नाही, कितीही धुतली तरी.

खताच्या पिशवीवर १९:१९:१९ असे आकडे दिसतात. नत्र, स्फुरद आणि पालाश या पिकाच्या तीन मुख्य अन्नद्रव्यांचे ते शेकडा प्रमाण.

ब्रश कटर (गवत-झुडपे कापायचे यंत्र) चालू असताना मुलांनी किमान १५ मीटर लांब राहावे. त्याच्या पात्याखाली आलेला खडा गोफणीतून सुटल्यासारखा उडतो. टिलर किंवा पंपाच्या फिरत्या पट्ट्याजवळ ओढणी, सैल बाही, मोकळे केस घेऊन जायचे नाही. यंत्र बंद करून, किल्ली काढूनच त्याला हात लावायचा. हा नियम आमच्या दुरुस्तीच्या खोलीतही आहे आणि तो कोणासाठीही सैल होत नाही.

शनिवारी दुपारी ३ नंतर दुकानात गर्दी कमी असते. तेव्हा मुलांना घेऊन या. टिलर बंद ठेवून उघडून दाखवू, भिंतीवरचा नांगर खाली काढू, रुमणे हातात धरू देऊ. या पत्रकाचे मागचे पान कोरे आहे. घरी आजीने, आजोबांनी किंवा नारळ काढायला येणाऱ्या पाडेल्याने सांगितलेला शेतातला शब्द त्यावर लिहून आणा, कोणत्या गावचा तेही लिहा. पुढच्या छपाईत तो घालू.