पासवर्ड तुमचा, किल्ली कोणाची?

"पासवर्ड फक्त मलेच माहीत हाय, मंग दुसरं कोण पाहीन?"

हे वाक्य माझ्या दुकानात आठवड्यातून एकदा तरी कानावर येतं. दारव्ह्याच्या बाजूला आमचं गाव. झेरॉक्स, पीक विमा, महाडीबीटीचे अर्ज, सातबारा काढून देणं हे माझं काम. बोलणारा कधी कापूस विकून आलेला शेतकरी असतो, कधी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला आलेली पोरगी, कधी निवृत्त गुरुजी. शिकलेल्यांचा आणि न शिकलेल्यांचा गैरसमज इथे सारखाच. फोटो, दवाखान्याचे रिपोर्ट, कागदपत्रं आता घरच्या पेटीतून आणि मेमरी कार्डातून निघून क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून कंपन्यांच्या संगणकांवर, चालली आहेत, आणि पासवर्ड आपला आहे एवढ्या भरवशावर सगळे निर्धास्त आहेत. लोक पासवर्डलाच किल्ली समजतात. बहुतेक ठिकाणी तो किल्ली नसतो. जिथे असतो, तिथे तसं कोणी समजावून सांगत नाही.

पासवर्ड काय असतो ते तुम्हाला माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. तो लांब असावा, नावापुढे १२३ लावून केलेला नसावा, बस. ओटीपी, अंगठा, चेहरा हीसुद्धा त्याचीच भावंडं. समोरच्याला "हा मीच" एवढं पटवून देणं हे या सगळ्यांचं काम.

किल्ली वेगळी. फाइल एका मोठ्या आकड्याच्या आधाराने अशी विस्कटून टाकतात की तो आकडा हाती असल्याशिवाय ती पुन्हा जुळत नाही. या विस्कटण्याला एन्क्रिप्शन म्हणतात आणि त्या आकड्याला की, म्हणजे किल्ली. एईएस नावाची पद्धत २००१ पासून प्रमाण मानली जाते. मोठ्या क्लाउड कंपन्याही तीच वापरतात. म्हणून कंपनी "तुमचा डेटा एन्क्रिप्टेड आहे" असं सांगते तेव्हा ती खोटं बोलत नसते. कुलूप मजबूत असतं. ते कोणाच्या किल्लीने उघडतं, हे मात्र जाहिरातीत येत नाही, आणि मला राग येतो तो याच गोष्टीचा.

सोयाबीनला भाव नसला की बाजार समितीच्या तारण योजनेत माल ठेवणारे आपल्याकडे पुष्कळ. पोती गोदामात जातात, हाती पावती येते, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. ती पावती आपण पासबुकाच्या घडीत जपून ठेवतो. पण गोदामाचं कुलूप काही पावतीने उघडत नाही. तुम्ही पावती दाखवता, गोदामवाला नाव-नंबर ताडून पाहतो, आणि त्याच्याजवळच्या किल्लीने उघडून तुमची पोती बाहेर काढून देतो. तुम्ही घरी झोपलेले असताना त्याला शटर वर करायचं झालं, तर तुमच्या पावतीवाचून त्याचं काही अडत नाही.

गूगल ड्राइव्ह, गूगल फोटोज, वनड्राइव्ह यांचा नेहमीचा वापर हा असा आहे. पासवर्ड ही पावती, किल्ली कंपनीजवळ. याउलट तुम्ही घरूनच लोखंडी पेटीला स्वतःचं कुलूप लावलं, किल्ली करगोट्याला बांधली आणि ती बंद पेटी त्याच गोदामात नेऊन ठेवली, तर गोदामवाला फार तर पेटी उचलून इकडची तिकडे करील. आत काय आहे ते त्याला दिसणार नाही. याला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन म्हणतात. दोन्ही माल क्लाउडवरच आहेत, दोन्ही कुलपात आहेत, दोन्हींवर "सुरक्षित" असं लिहिलेलं आहे. तरी फरक जमीन-अस्मानाचा.

आपला माल यातल्या कोणत्या प्रकारात आहे हे ओळखायला इंजिनिअर लागत नाही. मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारतो: पासवर्ड विसरलात तर काय होतं? "पासवर्ड विसरलात?" हे बटण दाबलं, मोबाइलवर ओटीपी आला, नवा पासवर्ड टाकला आणि सगळे फोटो जसेच्या तसे समोर आले, तर समजून घ्या की किल्ली कधीच तुमच्याकडे नव्हती. जुना पासवर्ड तर डोक्यातून पुसला गेला होता. त्याच्यावाचून फोटो उघडले, याचा अर्थ उघडणारा दुसरा कोणीतरी होता. आणि जिथे कंपनी "विसरलात तर आम्हीही काही करू शकत नाही" असं आधीच बजावते, तिथे किल्ली खरोखर तुमच्या हातात दिलेली असते. लोक ही ताकीद वाचून घाबरतात आणि ती सोय बंद ठेवतात. माझं म्हणणं, नेमकी तीच ताकीद तुमच्या भरवशाची खूण आहे.

यावर हमखास येणारा सवाल: "मंग काय कंपनीतले लोक आपले फोटो पाहत बसतात काय?" नाही, बसत नाहीत. त्यांना तसे नियम आहेत, आणि ते पाळले जात नाहीत असं मी म्हणत नाही. पण "आम्ही पाहत नाही" आणि "आम्हाला पाहताच येत नाही" ही दोन वाक्यं माझ्या लेखी एक नाहीत. पहिलं वचन आहे. मालक बदलला, अटी बदलल्या, कोर्टाचा हुकूम आला की ते वचन वाकू शकतं. दुसऱ्यात वाकायला काही उरतच नाही, कारण किल्ली तिथे नाही.

आणि पाहायला माणूसच लागतो असंही नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोत एका बापाने आजारी मुलाच्या सुजलेल्या अवयवाचे फोटो डॉक्टरांना दाखवण्यासाठी काढले. ते आपोआप गूगलच्या क्लाउडवर गेले, तिथल्या तपासणी यंत्रणेने ते बाल अत्याचाराचे ठरवले, खातं बंद झालं, पोलिसांपर्यंत प्रकरण गेलं. पोलिसांनी त्याला निर्दोष ठरवलं, तरी खातं परत मिळालं नाही. मुलांवरचे अत्याचार पकडले गेलेच पाहिजेत, त्याबद्दल दुमत नाही. पण पासवर्ड तर त्या बापाचाच होता ना? "पासवर्ड फक्त मलेच माहीत" म्हणणाऱ्यांना मी ही हकीकत सांगतो. न्यूयॉर्क टाइम्सने ती २०२२ मध्ये छापली होती.

सरकारचंही तसंच. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली सरकार ठरावीक कारणांसाठी माहिती उलगडून मागू शकतं. ज्याच्याकडे किल्ली, त्याला ती उघडून द्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाचा कायदा झाला. हे सगळं हवंच होतं. पण हक्क मिळाला म्हणून किल्ली हातात येत नाही. ॲपलने डिसेंबर २०२२ पासून किल्ली ग्राहकाकडे देण्याची सोय सुरू केली. पुढे ब्रिटनच्या सरकारने त्यातून वाट मागितल्याच्या बातम्या आल्या, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने ती सोय त्या देशात काढून घेतली. किल्लीसाठी एखादं सरकार एवढं अडून बसतं, यावरून तिची किंमत कळावी.

गावाकडे मात्र सरकार आणि कंपनी यांच्या आधी आणखी एक किल्लीवाला असतो. फॉर्म भरायच्या घाईत केंद्रावरचा ऑपरेटर गिऱ्हाइकाचा जीमेल उघडून देतो, आणि ओटीपी लवकर यावा म्हणून रिकव्हरीला, म्हणजे विसरलेलं खातं परत मिळवायच्या जागी, स्वतःचा नंबर टाकतो. पासवर्ड वहीत लिहून ठेवतो. त्याचा हेतू बरेचदा वाईट नसतो. पण आज ज्या खात्यावर फक्त पीक विम्याचा ईमेल येतो, त्याच खात्यावर उद्या बायको-पोरांचे सगळे फोटो चढत असतात, आणि "पासवर्ड विसरलात?" म्हटल्यावर ओटीपी जातो त्या ऑपरेटरच्या मोबाइलवर. तालुक्याच्या एका केंद्रात माझ्या सख्ख्या काकाचं खातं असंच उघडलं गेलं होतं. चार वर्षं कोणाला पत्ता नव्हता. हा धंदा मी स्वतः करतो म्हणून ठासून सांगतो: गिऱ्हाइकाच्या खात्यात स्वतःचा नंबर टाकू नका. आणि तुम्ही गिऱ्हाईक असाल तर आज घरी गेल्यावर खात्यात रिकव्हरीचा नंबर कोणाचा आहे तो पाहा.

गोंधळ इतका का माजतो, तर दोन्ही ठिकाणी चौकटीवर "पासवर्ड" हाच शब्द लिहिलेला असतो. जीमेलचा पासवर्ड पावती आहे. पण ई-आधारची पीडीएफ उघडताना जो पासवर्ड टाकता, तो खरोखर किल्लीचं काम करतो; त्याच्याशिवाय फाइल उलगडत नाही. फक्त ती किल्ली काय असते? नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं साल. गावात तुमचं नाव कोणाला माहीत नाही? कुलूप उत्तम, किल्ली चौकटीवर ठेवलेली. म्हणून ई-आधारची फाइल ग्रुपवर टाकताना "पासवर्ड आहे ना" हे समाधान धरू नका.

व्हॉट्सॲपचं याहून अवघड. निरोप २०१६ पासून एंड-टू-एंड कुलपात जातात, हे लोकांना ठाऊक असतं. पण त्याच गप्पांचा बॅकअप ॲन्ड्रॉइड फोनवरून गूगलच्या खात्यात चढतो, आणि तो तुम्ही मुद्दाम सांगितल्याशिवाय त्या कुलपात नसतो. ही सोय ऑक्टोबर २०२१ पासून आहे: सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, आणि त्यात एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप. तिथे पासवर्ड ठेवा नाहीतर ६४ अंकी किल्ली घ्या. फोन हरवला आणि ते आठवलं नाही, तर गप्पा गेल्या. कोणी परत आणून देणार नाही.

घरच्या साठवणीबद्दल थोडक्यात. "घरात आहे म्हणजे आपलं आहे" हेही अर्धंच खरं. साधी हार्ड डिस्क किंवा मेमरी कार्ड म्हणजे दार लोटून ठेवलेलं घर; कार्ड काढून रीडरात घातलं की कोणीही पाहतो. आताच्या ॲन्ड्रॉइड फोनची आतली मेमरी कुलपात असते, पण मोबाइल दुरुस्तीला देताना आपण पॅटर्न बिलावर काढून देतो, तिथे ते कुलूप संपलं. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ वर, मृगात विजा, वर लोडशेडिंग. डिस्क मरते तीही अशीच. म्हणून माझी पद्धत ठरलेली आहे: खासगी फाइल आधी संगणकावर सेव्हन-झिप या सॉफ्टवेअरने स्वतःच्या पासवर्डात बांधायची, मग एक प्रत ड्राइव्हवर, एक घरच्या डिस्कवर. पेटी आपल्या कुलपात असली तरी गोदाम त्यांचंच आहे हे विसरायचं नाही. फुकटची जागा १५ जीबी, आणि दोन वर्षं खातं वापरलं नाही तर ते पुसण्याचा गूगलचा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

सगळंच असं बांधायची गरज नाही. सातबारा महाभूलेखवर कोणीही पाहू शकतो, त्याला कुलूप कशाला? डिजिलॉकरमधली मार्कशीट बोर्डाच्या नोंदीतून येते. तिथे मूळ कागद हरवण्याचा प्रश्न नाही. लग्नाचे फोटो मी बिनधास्त साध्या क्लाउडवर ठेवायला सांगतो, कारण ते कोणी पाहण्यापेक्षा कायमचे जाण्याचं दुःख मोठं. ज्याची गळती हरवण्यापेक्षा महाग, त्यालाच स्वतःची किल्ली.

मागच्या महिन्यात एक मावशी पोरीचा सिकलसेलचा, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा, रिपोर्ट घेऊन आल्या. पोरगी नुसती वाहक, तब्येतीने ठणठणीत. पण सोयरिकीचं बोलणं चालू आहे आणि आमच्या भागात अशी गोष्ट एका आळीतून दुसऱ्या आळीत जायला संध्याकाळही लागत नाही. पोराकडच्यांना आपण स्वतः सांगणार, त्याचीही तपासणी करायला लावणार, पण त्याआधी गावाने सांगू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. "मोबाइलात ठेवला तं कोणाले दिसन काय जी?" खातं पाहिलं तर रिकव्हरीचा नंबर दिराच्या पोराचा. आधी तो बदलला. मग रिपोर्ट बांधून दिला. पासवर्ड त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवून स्वतः टाकला, कागदावर दोनदा लिहिला. एक कागद पेटीत सातबाऱ्याखाली, एक माहेरी.

"आन हे दोन्ही कागद हरवले तं?"

"तर मावशी, रिपोर्ट पुन्हा दवाखान्यातून काढावा लागेल. मला उघडता यायचा नाही."

"तुमाले बी नाई?"

"मलाही नाही."

त्यांनी कागदाची घडी केली आणि कनवटीला लावली.