मील प्लॅन

रिसॉर्टमधील मुक्कामाबरोबर जेवणाचेही पैसे आधीच भरून टाकण्याच्या पद्धतीला मील प्लॅन म्हणतात. थीम पार्कची हॉटेले, समुद्रकाठचे रिसॉर्ट आणि जंगलालगतची निवासस्थाने अशा सगळीकडे ही पद्धत रूढ आहे. नागपूरकरांना ती बहुधा दोन ठिकाणी भेटते. एक म्हणजे पेंच-ताडोब्याच्या गेटजवळचे रिसॉर्ट आणि दुसरे, मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असल्यास, फ्लोरिडातील डिस्नेची सहल. जेवण धरून बुकिंग करायचे की तिथे जाऊन बघायचे, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच पडतो.

नागपुरात हा प्रश्न जुनाच आहे. शिकायला किंवा नोकरीला आलेला मुलगा खोली घेतली की मेस लावतो, महिन्याचे पैसे सुरुवातीलाच देतो आणि गावी जाताना खाडे धरायला सांगतो. खाडा म्हणजे न जेवलेली वेळ. मेसवाल्या काकूंना आदल्या दिवशी कळवले तर त्या वहीत फुली मारतात आणि तेवढे पैसे पुढच्या महिन्यात वळते करतात. रिसॉर्टचा मील प्लॅन ही खाडा न मिळणारी मेस आहे. तो परवडेल की नाही, याचा निकाल मेनूपेक्षा खाड्यांवर लागतो. मुक्कामात आपली किती जेवणे चुकणार आहेत, हे घरातूनच मोजता आले पाहिजे.

प्रकार

भारतातील हॉटेलांत या योजना आद्याक्षरांनी ओळखल्या जातात. ईपी म्हणजे युरोपियन प्लॅन, त्यात फक्त खोली मिळते. सीपी म्हणजे कॉन्टिनेंटल प्लॅन, खोली आणि सकाळचा नाश्ता. एमएपी म्हणजे मॉडिफाइड अमेरिकन प्लॅन, त्यात नाश्त्याबरोबर दुपारचे किंवा रात्रीचे एक जेवण येते. एपी म्हणजे अमेरिकन प्लॅन, तिन्ही वेळचे खाणे. या नावांचा ताटातल्या पदार्थांशी काही संबंध नाही. एपीतही वरण-भात-पोळीच असते. युरोपात एमएपीला हाफ बोर्ड आणि एपीला फुल बोर्ड म्हणतात आणि डिस्नेलँड पॅरिसच्या योजनाही याच नावांनी विकल्या जातात. जंगलाकडच्या रिसॉर्टांत 'जंगल प्लॅन' असा आणखी एक प्रकार आढळतो. त्यात तिन्ही जेवणांसोबत सफारीही धरलेल्या असतात, त्यामुळे जेवणाचा नेमका भाव किती हे त्यातून वेगळे काढणे सर्वांत अवघड जाते.

एक दिवसाच्या सहलींत हा गुंता नसतो. अमरावती रस्त्यावर बाजारगावच्या फन अँड फूड व्हिलेजसारख्या ठिकाणी जाऊन संध्याकाळी घरी परतता येते. शेतावरच्या हुरडा पार्टीचा किंवा रोडग्यांच्या जेवणाचा भाव माणशी ठरतो आणि माणूस तिथे जेवायलाच गेलेला असतो. खाड्यांचा प्रश्न मुक्कामाबरोबर सुरू होतो.

डिस्नेचा नमुना

आगाऊ जेवणाची सर्वांत बारकाईने आखलेली आणि सर्वांत जास्त चर्चिली गेलेली योजना फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डची आहे. ती २००५ मध्ये सुरू झाली. सुरुवातीला टेबलावर वाढल्या जाणाऱ्या जेवणात स्टार्टर आणि टिप दोन्ही धरलेले होते. २००८ पासून दोन्ही वगळले गेले. २०१८ मध्ये प्रौढांसाठी जेवणासोबत मद्याचा पर्याय आला. मार्च २०२० मध्ये पार्क बंद झाले तेव्हा योजनाही थांबली आणि ९ जानेवारी २०२४ पासून पुन्हा सुरू झाली. परत आली तेव्हा काउंटरवरच्या (म्हणजे स्वतः काउंटरवरून घ्यायच्या) जेवणाच्या योजनेत रोजच्या दोन स्नॅकऐवजी एकच उरला होता. जुन्या अनुभवावर पुढची सहल ठरवू नये, त्याचे कारण या इतिहासातच आहे.

या योजनेत पैशांऐवजी 'क्रेडिट' मोजतात, म्हणजे एका जेवणाचा किंवा स्नॅकचा आधीच घेतलेला हक्क. साध्या योजनेत रात्रीमागे काउंटरवरची दोन जेवणे आणि एक स्नॅक मिळतो, शिवाय अख्ख्या मुक्कामासाठी हॉटेलात पुन्हा पुन्हा भरून घेता येणारा एक मग. वरच्या योजनेत काउंटरवरचे एक आणि टेबलावरचे एक जेवण असते, बाकी तेच. २०२४ मध्ये १० वर्षे व त्यावरील व्यक्तीसाठी साध्या योजनेचा रात्रीचा दर ५७.०१ डॉलर आणि वरच्या योजनेचा ९४.२८ डॉलर होता. ३ ते ९ वर्षांच्या मुलांसाठी तेच दर २३.८३ आणि २९.६९ डॉलर होते. आई-वडील आणि दोन लहान मुले चार रात्री वरच्या योजनेवर राहिली तर सुमारे ९९२ डॉलर झाले, टिप वेगळी.

आकड्यांपेक्षा नियम जास्त बोलके आहेत. क्रेडिट रात्रींवर मिळतात, दिवसांवर नाही. चार दिवस-तीन रात्रींच्या सहलीत तीन रात्रींचेच जेवण येते. त्यांचा क्रम मात्र मोकळा असतो. एका दिवशी न वापरलेले दुसऱ्या दिवशी वापरता येते, पण निघण्याच्या दिवशी मध्यरात्रीला जे उरले ते बुडाले. एका बुकिंगमधील तीन वर्षांवरील सर्वांना एकच योजना घ्यावी लागते, आजोबांना वगळून नातवांपुरती घेता येत नाही. काही महागड्या रेस्टॉरंटांत एका जेवणाला टेबलाची दोन क्रेडिट जातात. टेबलाचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते आणि नावाजलेल्या जागा लवकर भरतात. पैसे भरले म्हणजे बसायला जागा मिळाली असे होत नाही, आणि क्रेडिट हातात घेऊन फिरणारी कुटुंबे नेमकी इथे फसतात.

क्रेडिट मोजताना ताटातल्या पदार्थाची किंमत पाहिली जात नाही. मांसाचा मोठा तुकडा मागवा की भाज्यांचा बाऊल, जाणारे क्रेडिट एकच. शाकाहारी माणूस बहुतेक वेळा कमी किमतीचे खातो आणि भरतो तेवढेच. मुलांचे उलट आहे. त्यांचा दर इतका खाली आहे की नीट जेवणारे आठ-नऊ वर्षांचे मूल बहुधा पैसे वसूल करून देते. दहावा वाढदिवस झाला की तेच मूल प्रौढांच्या दरात जाते. म्हणून लहान मुलांच्या मांसाहारी कुटुंबाला ही योजना परवडू शकते आणि शाकाहारी आजी-आजोबांना घेऊन गेलेल्या कुटुंबाला सहसा परवडत नाही, असे या नोंदीचे मत आहे. डिस्नेच्या पार्कात घरचे खाणे नेता येते, काचेची भांडी आणि मद्य मात्र चालत नाही. चिवडा, लाडू, दशम्या सोबत असतील तर दुपारचे एक जेवण सहज सुटते. भारतातील अनेक पार्कांत बाहेरचे खाणे गेटवरच थांबवतात, तिथे हा मार्ग नाही.

जंगलाचे घड्याळ

पेंचचे सिल्लारी गेट नागपूरहून सुमारे ७० किलोमीटरवर आहे. ताडोब्याचे मोहर्ली गेट आणि कोलारा गेट त्याहून लांब. तरी हे अंतर इतके कमी आहे की बहुतेक लोक एक किंवा दोनच रात्री राहतात आणि मुक्काम जितका छोटा तितका प्रत्येक खाडा महाग पडतो. इथे जेवणाच्या वेळा रिसॉर्ट ठरवत नाही, सफारी ठरवते. पहाटेच्या फेरीसाठी उजाडण्याआधी निघावे लागते, दुपारची फेरी ऐन जेवणाच्या वेळेला लागून सुरू होते आणि जिप्सी परत येईपर्यंत अंधार पडतो.

पेंचच्या एका गेटजवळच्या रिसॉर्टात आम्ही हिवाळ्यात एपीवर राहिलो होतो. पहाटे निघताना नाश्त्याचा खोका हातात ठेवला. आत लोणी लावलेले दोन ब्रेड, एक उकडलेले अंडे, एक केळे आणि फ्रूटीचा खोका. आई अंडे खात नाही, तिच्या वाट्याला ब्रेड आणि केळे आले. थंडीने बोटे वळत नव्हती, ब्रेड चामड्यासारखा झाला होता. पावणेअकराला परतलो तेव्हा गरम नाश्त्याची भांडी आवरून झाली होती, साडेदहापर्यंतच वेळ होती म्हणाले. एका पातेल्याच्या तळाला पोहे दिसत होते, तर्री संपली होती. गेटबाहेरच्या टपरीवर चौघांनी तर्री पोहे आणि चहा घेतला. ज्या नाश्त्याचे पैसे आधीच दिले होते त्याच नाश्त्याचे पुन्हा दिले. चूक आमचीही होती, आदल्या रात्री विचारायला हवे होते. विचारले तर बरीच रिसॉर्ट परतल्यावर गरम नाश्ता ठेवतात, काही पोह्यांचा डबाही देतात. पण ते मागावे लागते.

रात्रीचे जेवण मात्र जंगलात घ्यावेच. जंगलाभोवतीच्या बफर पट्ट्यातल्या गावांत अंधार पडल्यावर बाहेर पडणे गैरसोयीचे असते, रस्ता ओलांडणारी जनावरे असतात आणि दिवसभर धूळ खाऊन आलेल्या माणसाला जेवण जवळ हवे असते. दुपारच्या जेवणाचे तसे नाही. महामार्गावरचे ढाबे, मोहर्लीसारख्या गावातली घरगुती खानावळ, सावजीचा रस्सा, पाटोडी, वडा-भात हे सगळे त्या वेळेला मिळू शकते आणि रिसॉर्टच्या बुफेपेक्षा ते पुष्कळांना आवडते. रिसॉर्टचा बुफे परगावच्या जिभेसाठी बेताचा केलेला असतो. सावजीची सवय असलेल्याला तो अळणी वाटतो. म्हणून नाश्ता आणि रात्रीचे जेवण धरलेली एमएपी ही नागपूरहून जाणाऱ्यांसाठी सर्वांत सोयीची योजना ठरते.

उपवासाचा विचार बुकिंग करताना कोणी करत नाही. संकष्टी चतुर्थीला चंद्रोदय रात्री उशिरा होतो आणि बुफे तोवर आवरत आलेला असतो. एकादशी मुक्कामात आली तर घरातल्या एकदोन माणसांचे तिन्ही वेळचे खाडे. साबुदाण्याची खिचडी अनेक ठिकाणी आधी सांगितले तर करतात, आयत्या वेळी नाही. तारीख ठरवताना कॅलेंडर एकदा उघडून पाहिले की हा प्रश्न सुटतो.

कर

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यावरच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी आहे. जेवण धरलेला भाव एकच रक्कम म्हणून लावला की ही सीमा ओलांडली जाऊ शकते. समजा, दोघांसाठी सीपीचा भाव ५,२०० आणि एपीचा ७,६०० आहे. वरवर पाहता चार जेवणांचे २,४०० म्हणजे ताटाला ६००. कर धरला तर पहिली रक्कम ५,४६० होते. दुसऱ्यावर १८ टक्के लागले तर ती ८,९६८ होते. आता चार ताटांचे ३,५०८, म्हणजे ताटाला ८७७. भाव विचारताना 'टॅक्स धरून शेवटचा आकडा किती' हे विचारले तरच तुलना खरी होते.

वसूल करण्याची घाई

आधी भरलेले पैसे माणसाच्या वागण्यावर दोन उलट परिणाम करतात. ड्राझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाईन यांनी १९९८ च्या निबंधात मांडले की खर्च आधीच झालेला असला तर उपभोगाच्या वेळी पैशांची टोचणी कमी लागते. सुटीत हे मोलाचे आहे. मुलाने आईस्क्रीम मागितले आणि वडिलांनी आधी पाटीवरचा भाव वाचला नाही, एवढ्यासाठी कोणी दोन-तीनशे रुपये जास्त मोजत असेल तर त्याला चूक म्हणता येत नाही.

दुसरा परिणाम त्रासाचा. हाल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये दाखवले की नाटकांच्या हंगामी तिकिटाचे पूर्ण पैसे मोजलेले लोक सवलतीत तिकीट मिळालेल्यांपेक्षा हंगामाच्या पहिल्या भागात जास्त नाटकांना गेले. गेलेला पैसा आपल्याला ओढत नेतो. रिसॉर्टात तो भूक नसताना बुफेकडे नेतो. दुपारी गुलाबजामसुद्धा 'सोडायचा नाही' म्हणून खाल्ला जातो आणि तीनच्या सफारीत माणूस झोपतो. वाघ समोरून गेला आणि बाबांना उठवावे लागले, असे सांगणारी घरे नागपुरात कमी नाहीत.

ठरवताना

निघण्याआधी कागदावर मुक्कामातल्या जेवणाच्या वेळा लिहाव्यात, पोहोचण्याची आणि निघण्याची वेळ धरून. एपी बहुतेक ठिकाणी पोहोचण्याच्या दिवशीच्या दुपारच्या जेवणापासून दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्यापर्यंत धरतात. शनिवारी अर्धा दिवस ऑफिस करून निघालेल्याचे पहिलेच जेवण जाते. मुलांचे वय किती धरले आहे, पाच ते बाराच्या मुलाचे वेगळे पैसे आहेत का आणि सोबतच्या ड्रायव्हरचे जेवण यात येते का, हेही त्याच फोनवर विचारावे. ड्रायव्हरचे जेवण बहुतेक विसरले जाते आणि त्याला वेगळे, उशिरा, कुठेतरी मागे बसून जेवावे लागते. त्याचे ताट आपल्याबरोबरच सांगून ठेवावे.

पोहोचायच्या दिवशीचे चुकणारे जेवण निघायच्या दिवशी दुपारी देता का, असे विचारले तर गर्दी नसलेल्या दिवसांत काही मॅनेजर हो म्हणतात. तो होकार व्हॉट्सअॅपवर लिहून घ्यावा, कारण निघायच्या दिवशी काउंटरवर दुसराच माणूस बसलेला असतो.