बंदी पुनर्वसन (महाराष्ट्र)

शिक्षा भोगून बाहेर पडणाऱ्या माणसाला घरात, गावात आणि कामधंद्यात पुन्हा उभे राहता यावे यासाठी तुरुंगात असतानाच, आणि सुटल्यावरही काही काळ, केले जाणारे प्रयत्न. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार तुरुंग हा राज्यांचा विषय आहे. महाराष्ट्रात हे काम कारागृह व सुधारसेवा विभाग, महिला व बालविकास विभागाचे परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकारी आणि काही स्वयंसेवी संस्था मिळून करतात. ‘सुधारणा व पुनर्वसन’ हे कारागृह विभागाचे ब्रीद आहे.

भारतातला तुरुंगांचा मूळ कायदा १८९४ सालचा. त्याचा सारा भर बंदोबस्त आणि शिस्त यांवर होता. बंदी सुधारावा हे तुरुंगाचे काम आहे, असे १९१९–२० च्या कार्ड्यू समितीने प्रथम ठामपणे सांगितले. पुढे न्या. आनंद नारायण मुल्ला यांच्या समितीने (१९८०–८३) देशभरातील तुरुंगांची पाहणी करून सविस्तर शिफारशी केल्या, आणि २०२३ मध्ये केंद्राने राज्यांपुढे आदर्श कारागृह व सुधारसेवा कायद्याचा मसुदा ठेवला. समित्या आणि मसुदे यांचा हा सिलसिला मोठा आहे. पण मराठी मुलखातला सर्वांत धाडसी प्रयोग एका छोट्या संस्थानात, एका माळरानावर झाला.

स्वतंत्रपूर

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये माणदेशात, आटपाडीजवळ, बंद्यांची मुक्त वसाहत वसवली. याच सुमारास गांधीजींच्या सल्ल्याने औंधमध्ये रयतेला स्वराज्याची घटना देण्यात आली होती. संस्थानात काम करणारे पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन, म्हणजे स्वामी भारतानंद, हे या वसाहतीमागचे प्रमुख प्रेरक. वसाहतीत आणलेल्या बंद्यांत खुनाची शिक्षा झालेले लोक होते. तरी भोवती भिंत नव्हती आणि पायात बेडी नव्हती. राहायला खोली, कसायला जमीन आणि बायकामुलांना सोबत ठेवण्याची मुभा होती. संस्थान विलीन झाले, पण वसाहत राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात असून राज्याच्या कारागृह विभागाकडे आहे.

याच प्रयोगावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि तेही याच माणदेशातले. पडद्यावर एका जेलरचे भारावून टाकणारे व्यक्तिमत्त्व केंद्रस्थानी आले आणि लोकांच्या मनात तेच राहिले. प्रत्यक्षात स्वतंत्रपूरचे बळ संसारात होते. अवर्षणाच्या त्या मुलखात पीक वाचवायचे, गुरांकडे बघायचे, संध्याकाळी पोरांना समोर बसवून जेवायचे, हे ज्याच्या वाट्याला रोज येते त्याला सुटल्यावर घर नव्याने शिकावे लागत नाही. चार भिंतींच्या तुरुंगात हे कौशल्य सर्वांत आधी गंजते, आणि कुठल्याही प्रशिक्षण वर्गात ते शिकवता येत नाही.

खुली कारागृहे

स्वातंत्र्यानंतर येरवडा, पैठण आणि इतरत्र खुली कारागृहे, म्हणजे बंदी कोठडीत न ठेवता मोकळ्यावर कामाला लावणारे तुरुंग, सुरू झाली. पैठणचे खुले कारागृह १९६८ सालचे. येरवड्यात महिलांसाठीही स्वतंत्र खुले कारागृह आहे. ही गोष्ट मोलाची, कारण देशात अनेक ठिकाणी स्त्रियांना खुल्या कारागृहाची पात्रताच नव्हती. शिक्षेचा ठरावीक भाग भोगलेल्या, चांगल्या वर्तणुकीच्या आणि अंगमेहनतीला तंदुरुस्त असलेल्या सिद्धदोष (गुन्हा शाबीत झालेल्या) बंद्यांमधून समिती निवड करते. काही गुन्ह्यांतील बंदी वगळले जातात. काम मुख्यतः शेतीचे. बंद कारागृहापेक्षा येथे माफी कितीतरी जास्त मिळते: महिनाभर नीट काम केले की शिक्षेतून ३० दिवस कमी होतात. म्हणून बंद कारागृहातील बंदी ‘ओपन’ला नाव लागण्याची वाट बघत असतात.

राजस्थानात सांगानेरला १९६३ पासून चालणारे खुले शिबिर याच्याही पुढे गेले. तेथील बंदी कुटुंबासह राहतात, सकाळी शहरात कामाला जातात, आपल्या कमाईवर घर चालवतात आणि संध्याकाळी हजेरीला परततात. शिबिराचा बराचसा कारभार बंद्यांची पंचायतच पाहते. महाराष्ट्रातील खुल्या कारागृहांत काम सरकारी शेतीपुरते आणि मजुरी सरकारी दराची, त्यामुळे बाजारात स्वतःचे काम शोधण्याची सवय लागत नाही. स्वतंत्रपूर ज्या राज्यात आहे त्याने सांगानेरचे अनुकरण करायला हवे, यात शंका नाही.

रजा आणि भेट

बंदीला घरी जाता यावे यासाठी १९५९ च्या नियमांनुसार दोन प्रकारच्या रजा आहेत: संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल). संचित रजा वर्तणूक चांगली असलेल्याला मिळते आणि तिचे दिवस शिक्षेतच धरले जातात. अभिवचन रजा आजारपण, मृत्यू, लग्न अशा कारणांसाठी असते आणि तिचे दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. दोन्हींसाठी जामीनदार लागतो, पोलिसांचा अहवाल लागतो आणि गावी गेल्यावर ठाण्यात हजेरी द्यावी लागते. अर्ज बहुधा अडतो तो अहवालावर. ‘फिर्यादी पक्षाचा विरोध आहे’, ‘फरार होण्याची शक्यता आहे’ अशी साचेबंद वाक्ये लिहून तो नाकारला जातो, आणि मुंबई उच्च न्यायालयाने अशी मोघम कारणे अनेकदा अमान्य केली आहेत. आठ-दहा वर्षे आत राहिलेला माणूस रजेवर येतो तेव्हा मुले त्याला ओळखत नसतात, भावकीने शेताचा बांध सरकवलेला असतो आणि किराणा दुकानात पैसे मोबाइलवरून घेतात. हे धक्के सुटकेआधी थोडे थोडे बसलेले बरे. रजेचा खरा उपयोग हाच आहे.

तुरुंगातली नेहमीची मुलाखत जाळी किंवा काच मध्ये ठेवून होते. त्यामुळे वर्षानुवर्षे बापाचा हात मुलाच्या पाठीवरून फिरत नाही. राज्यातील कारागृहांत सुरू झालेला ‘गळाभेट’ उपक्रम यासाठीच आहे: ठरलेल्या दिवशी बंद्यांची लहान मुले आत येतात आणि आईवडिलांच्या मांडीवर बसतात. खर्च जवळजवळ शून्य, आणि परिणाम तुरुंगाधिकारीही मान्य करतात. २०२२ मध्ये येरवड्यात महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने ‘जिव्हाळा’ कर्ज योजना सुरू केली. तुरुंगातील मजुरीच्या भरवशावर बंदीला ५० हजार रुपयांपर्यंत, सात टक्के व्याजाने कर्ज मिळते. मुलीच्या शिक्षणाला किंवा वकिलाच्या फीला आपण पैसे धाडले, असे म्हणता आले की घरातली त्याची जागा टिकून राहते.

काम आणि शिक्षण

येरवडा व नाशिक रोड येथील कारखान्यांत लाकडी फर्निचर आणि कापड तयार होते, नाशिक रोडच्या गणेशमूर्तींना दरवर्षी मागणी असते, कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू वळले गेले. यशवंतराव चव्हाण आणि इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठांची केंद्रे कारागृहांत आहेत. मजुरी तुटपुंजी असते. तिच्यातील काही वाटा गुन्ह्यामुळे नुकसान झालेल्यांसाठी बाजूला काढावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सुचवले.

कच्चे कैदी

वर सांगितलेले बहुतेक सारे सिद्धदोष बंद्यांसाठी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते, आणि त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे चारातले तीन, न्यायाधीन होते, म्हणजे त्यांच्या खटल्याचा निकाल अजून लागलेला नव्हता. त्यांना खुले कारागृह नाही, संचित रजा नाही, काम सक्तीचे नाही म्हणून बहुधा कामच नाही. जामिनाचा आदेश आला की त्याच दिवशी संध्याकाळी हातात पिशवी घेऊन ते बाहेर पडतात. पुनर्वसनाची कुठलीही यंत्रणा तोवर त्यांच्यापर्यंत पोचलेली नसते. जामिनाच्या रकमेअभावी अडकलेल्यांसाठी केंद्राने २०२३ मध्ये गरीब बंदी साहाय्य योजना आणली. सुरुवातीला तिच्यात न्यायाधीन बंद्याला ४० हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून याच लोकांबरोबर काम करतो. त्याचे कार्यकर्ते कारागृहात जाऊन बंदीचे घर कुठे आहे, वकील आहे का, मुले कुणाकडे आहेत हे विचारून घेतात आणि सुटल्यावर राहण्याची व कामाची सोय पाहतात.