झीरम घाटी हल्ला (2013)

छत्तीसगडमधील बस्तरच्या दरभा भागात, झीरम घाटीत, 25 मे 2013 रोजी माओवाद्यांनी काँग्रेसच्या ‘परिवर्तन यात्रे’वर केलेला हल्ला. त्यात सुमारे तीस जण मारले गेले. विधानसभा निवडणूक सहा महिन्यांवर आली असताना राज्यातील काँग्रेसची पहिली फळीच एका संध्याकाळी कापली गेली.

सुकम्यातील सभा आटोपून ताफा जगदलपूरकडे परतत होता. हा रस्ता टोंगपालनंतर घाटात शिरतो. एका बाजूला चढ, दोन्हीकडे दाट साल-सागाचे जंगल आणि अशी वळणे, की पुढची गाडी दिसेनाशी होते. झाडे पाडून वाट अडवलेली होती. सुरुंगाच्या स्फोटात एक गाडी उडाली आणि गाड्या एकमेकींच्या मागे खोळंबल्या. मग उंचावर दबा धरून बसलेल्या, शेकड्यांनी असलेल्या हल्लेखोरांनी गोळीबार सुरू केला. अंगरक्षकांनी प्रत्युत्तर दिले, पण त्यांच्याजवळच्या गोळ्या संपत आल्या आणि मदत लवकर पोहोचली नाही.

मुख्य लक्ष्य होते बस्तरमधले काँग्रेस नेते महेंद्र कर्मा. वाचलेल्यांच्या सांगण्यानुसार, बाकीच्यांना सोडावे म्हणून ते स्वतःच पुढे झाले आणि त्यांनी आपली ओळख सांगितली. त्यांना अत्यंत क्रूरपणे ठार मारण्यात आले. प्रदेशाध्यक्ष नंदकुमार पटेल आणि त्यांचा मुलगा दिनेश यांना जंगलात नेले. दोघांचे मृतदेह दुसऱ्या दिवशी सापडले. माजी आमदार उदय मुदलियार हेही मारले गेले. गोळ्या लागलेले माजी केंद्रीय मंत्री विद्याचरण शुक्ल 11 जून रोजी गुडगावच्या रुग्णालयात वारले.

कर्मांवरचा रोष जुना होता. 2005 मध्ये सुरू झालेल्या ‘सलवा जुडूम’चे ते प्रमुख नेते. माओवाद्यांविरुद्ध आदिवासी तरुणांच्या हाती शस्त्रे देणाऱ्या या मोहिमेच्या काळात शेकडो गावे ओस पडली आणि हजारो लोक छावण्यांत आले. विशेष पोलीस अधिकारी म्हणून या तरुणांना शस्त्रे देणे घटनाबाह्य असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 5 जुलै 2011 रोजी दिला. हल्ल्याची जबाबदारी माओवाद्यांच्या दंडकारण्य विशेष विभागीय समितीने घेतली. गडचिरोलीही याच समितीच्या कार्यक्षेत्रात येत असे. तिच्या पत्रकात सलवा जुडूमचा सूड हे कारण दिले होते आणि सामान्य कार्यकर्ते व वाहनचालक मेल्याबद्दल खेद होता. मेलेल्यांच्या घरच्यांना त्या खेदाचा काय उपयोग!

सुरक्षेचा प्रश्न मात्र सुटला नाही. अशा रस्त्यावर ताफ्याच्या आधी ‘रोड ओपनिंग पार्टी’, म्हणजे वाट तपासणारी सुरक्षा दलाची तुकडी, पायी निघते. मोऱ्या, ताजी उकरलेली माती, झाडीतून गेलेली तार हे सारे तपासले जाते. खरे महत्त्वाचे काम त्यानंतरचे: ताफा पार होईपर्यंत दोन्ही बाजूंच्या टेकड्या धरून बसणे. तुकडी उठली की सकाळची तपासणी संध्याकाळी कुचकामी ठरते. गाड्यांमध्ये अंतर ठेवणे हाही नियमच, कारण चिकटून चालणारा ताफा एका अडथळ्याने जागीच थांबतो. त्या दिवशी घाटीत बंदोबस्त किती होता, आयोजक आणि पोलीस यांच्यात काय ठरले होते, यावर पुढे वर्षानुवर्षे वाद झाला.

तपास काही दिवसांतच राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे (एनआयए) गेला आणि 2014 पासून आरोपपत्रे दाखल झाली. हल्ल्याची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती प्रशांत मिश्रा यांच्या आयोगाने नोव्हेंबर 2021 मध्ये अहवाल थेट राज्यपालांना सादर केला. अहवाल सरकारकडे न देता राजभवनात का दिला, यावर तत्कालीन काँग्रेस सरकारने आक्षेप घेतला, चौकशी अपुरी असल्याचे सांगितले आणि आयोगावर दोन नवे सदस्य नेमले. पुढे उच्च न्यायालयाने त्या कामाला स्थगिती दिली. दरम्यान 2020 मध्ये मुदलियार यांच्या मुलाने दरभा ठाण्यात मोठ्या कटाची स्वतंत्र फिर्याद नोंदवली होती. तिचा तपास राज्य पोलिसांनी करू नये, ही एनआयएची मागणी सर्वोच्च न्यायालयाने 21 नोव्हेंबर 2023 रोजी फेटाळली. आपल्या माणसांचे काय झाले हे समजायला घरच्यांना दहा वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, ही या प्रकरणातली सर्वांत बोचणारी बाब आहे.

2013 च्या निवडणुकीत राज्य भाजपने राखले, पण बस्तरच्या 12 पैकी 8 जागा काँग्रेसकडे गेल्या. दंतेवाड्यातून कर्मांच्या पत्नी देवती, तर खरसियातून पटेलांचा दुसरा मुलगा उमेश निवडून आले.